वाटेवरची तीन गावे

दादरा पाहावयाचे म्हणून घरून निघालेला मनुष्य आमच्या तरी परिचयाचा नाही. दादऱ्यास लोक कामासाठी जातात, काम आटोपले की परततात, आणि घरी कोणी विचारलेच तर "वापीला गेलो होतो" असे सांगून मोकळे होतात. बडोद्याच्या आपल्या मंडळींपैकी ज्यांचा कापड, रसायने, प्लास्टिक अथवा औषधे यांच्या धंद्याशी संबंध आहे, अशा कित्येक घरांतील कोणी ना कोणी त्या बाजूस वर्षातून दोन-चार खेपा घालीत असतो. तथापि त्या गावाविषयी घरात चार वाक्ये बोलली गेली, असे क्वचितच घडते. म्हणून आरंभीच सांगून टाकतो की, येथे वर्णिलेले दादरा हे हौशी प्रवाशाने पाहिलेले नव्हे. मार्चअखेरच्या मालमोजणीने शिणलेल्या चार नोकरदारांनी उरलेल्या एका दिवसात, जांभया आवरीत पाहिलेले आहे.

वापी स्थानकावर उतरून सिल्वासाच्या रस्त्याला लागले की काही वेळाने दुतर्फा मद्याच्या दुकानांच्या पाट्या एकाएकी दाट होतात. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे हद्द ओळखण्याची याहून सोपी खूण नाही. पाट्या दिसल्या की दादरा आले असे समजावे. थोड्याच मिनिटांत त्या नाहीशा होतात. लवाछा हे गुजरातचे गाव लागलेले असते. आणखी थोडे पुढे गेले की पाट्या पुन्हा उगवतात, आणि नगर हवेली सुरू होते. दादरा, देमणी आणि तिघरा ही तीन गावे म्हणजे दादरा. सर्व बाजूंनी गुजरात, आणि मध्ये ही तीन गावे. नगर हवेली त्याहून पुष्कळ मोठी. आणि तिच्याही पोटात मघवाळ हे गुजरातचे एक गाव अडकून बसले आहे. हे सारे मिळून क्षेत्रफळ अवघे ४९१ चौरस किलोमीटर. नकाशा काढणाऱ्याच्या हातून शाईचे थेंब सांडावेत, तशी ही रचना आहे.

या तीन गावांपैकी एकात, दुसऱ्याच्या कारखान्यात, आमच्या कंपनीच्या धाग्याचे काम चालते. अर्धवट ताणलेला पॉलिएस्टरचा धागा तेथे येतो. त्याला उष्णता देऊन, पीळ देऊन फुगवितात आणि कोनावर गुंडाळतात. करसवलतींच्या आधाराने असे शेकडो कारखाने या भागात उभे राहिले आणि जेथे खैर, साग व ताड यांखेरीज काही नव्हते, तेथे पत्र्याच्या छपरांची रांग लागली. वर्षअखेरीस गोदामातील प्रत्येक खोके मोजावयाचे, वजन पडताळावयाचे आणि पुस्तकातील आकड्याशी जुळवावयाचे, हे आमचे काम. आम्ही चौघे होतो: हिशेब खात्यातील सर्वांत वडील गृहस्थ, ज्यांना सारे कार्यालय भाऊ म्हणते, संगणकावर नोंदी घेणाऱ्या ताई, नुकताच नोकरीस लागलेला एक तरुण, आणि हे लिहिणारे आम्ही.

सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत, असे दोन दिवस गेले. थकवा हाही अनेक प्रकारचा असतो. ओझे वाहणाऱ्याचा थकवा अंगात असतो व तो झोपेने उतरतो. मोजणाऱ्याचा थकवा डोळ्यांत राहतो. डोळे मिटले तरी आकडे चालूच राहतात. दुसऱ्या रात्री लॉजवर जेवताना ताईंनी ताटातील पुऱ्या न खाता आधी मोजल्या, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळीच आकडे जुळले. परतीची गाडी संध्याकाळची. तरुणाचे मत असे की, खोलीचे भाडे दुपारपर्यंतचे भरलेले आहे, तेव्हा पडदे ओढून निजावे. ताईंचा त्यास संपूर्ण पाठिंबा होता, आणि खरे सांगावयाचे तर आमचाही. परंतु भाऊ चपला घालून दारात उभे राहिले होते.

"चोवीस वर्षांत एकोणचाळीस खेपा झाल्या माझ्या इथं," ते म्हणाले. "पाहिलं काय, तर फाटक, गोदाम आणि या लॉजची भिंत. जुलैअखेर मी निवृत्त होतो. चाळिसाव्या खेपेचं भाडं कंपनी देणार नाही, आणि स्वतःच्या खर्चानं मी काही येणार नाही. तुम्ही निजा. मी जाऊन येतो."

अशा बोलण्यानंतर निजणे शक्य नसते. चौघेही निघालो.

दादऱ्यात पाहण्यासारखे स्थळ म्हणून सर्वजण एकच नाव घेतात, ते वनगंगेचे. रस्त्यालगतच हा तलाव असून मध्ये बेट आहे. बेटावर बाग, पाण्यावर लाकडी पूल, गवती छपरांच्या झोपड्या, पायाने चालविण्याच्या नावा. अनेक हिंदी चित्रपटांतील गाण्यांचे चित्रीकरण येथे झाले आहे. सुरसागर रोज ओलांडून कचेरीत जाणाऱ्या बडोदेकरास तलावाचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. पण मार्च संपता संपता, दोन दिवस पत्र्याखाली काढल्यावर, पाण्यावरून आलेली वाऱ्याची एक झुळूकही पुष्कळ असते. आम्ही काठाच्या बाकावर बसलो आणि बराच वेळ कोणीच बोलले नाही. मग तरुण सहकारी म्हणाला, "नावा अकरा. त्यांतली एक नादुरुस्त, बांधून ठेवलेली." त्यावर ताई म्हणाल्या, "दिव्याचे खांब तू मोजू नकोस, ते मी मोजले." सर्वजण हसलो, आणि त्या हसण्याने दोन दिवसांचा गंज थोडासा उतरला.

फाटकाबाहेर एक वृद्ध वारली बाई ताडगोळे विकीत बसली होती. भाऊंनी गुजरातीत भाव विचारला. तिने गुजरातीतच सांगितला. पण ताडगोळे पानावर ठेवताना ती स्वतःशी मोजू लागली, तेव्हा 'बे' आणि 'त्रण' न म्हणता 'दोन' आणि 'तीन' म्हणाली. ताईंनी चटकन मान वर केली. गेली पंधरा-वीस मिनिटे आम्ही परक्या मुलुखात असल्यासारखे हिंदी-गुजराती मिसळून बोलत होतो. मनुष्य भाव कोणत्याही भाषेत सांगतो. मोजताना मात्र तो आपल्या घरी असतो, हा आमच्या धंद्यातला अनुभव आहे. वारल्यांची बोली मराठीच्या जवळची. पलीकडे तलासरी, डहाणू, जव्हार येथपर्यंत हाच समाज पसरलेला आहे; हद्दी त्याच्या अंगावरून नंतर गेल्या.

हद्दी गेल्या त्या कशा, याचा विषय मग बाकावर निघाला. त्यात आपल्या घरच्या एका शब्दाचा मोठा वाटा आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो.

१७७९ साली पुण्याच्या दरबाराने पोर्तुगीजांशी तह केला. पेशवे सवाई माधवराव तेव्हा बालवयात होते आणि कारभार नाना फडणिसांच्या हाती होता. इंग्रजांशी युद्ध चालू असता पोर्तुगीजांची मैत्री हवी होती. मराठी आरमाराने १७७२ साली पकडलेल्या 'सांताना' नावाच्या पोर्तुगीज युद्धनौकेची भरपाई हेही एक कारण सांगितले जाते. तहान्वये वर्षास बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांकडे लावून द्यावयाची होती. १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी ती लावून दिली गेली. पुढे १८१८ साली पेशवाई बुडाली. सनद देणारा राहिला नाही. घेणारा मात्र दमणला बसून होता, आणि त्याने उत्पन्नाबरोबर राज्यही चालविले.

१९५४ साली ही गावे पोर्तुगीजांच्या हातून गेली, तेव्हा पोर्तुगालने पुढल्याच वर्षी, डिसेंबर १९५५ मध्ये, हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. दमणहून या गावांत जाण्यास भारतीय भूमीवरून वाट मिळणे हा आमचा हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे. ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांनी भारताची बाजू मांडली, आणि त्या खटल्यापुरते भारताच्या वतीने न्यायासनावर होते महंमद करीम छागला. तेथे प्रश्न निघाला की, पेशव्यांनी जे दिले ते नेमके काय होते? राज्य, की उत्पन्न? पोर्तुगीज भाषेतील मजकूर एक सांगत होता, मराठी मजकूर दुसरे. न्यायालयाने पाहून ठरविले की, मराठ्यांनी दिला तो जहागीर अथवा सरंजाम, म्हणजे महसुलाचा उपभोग, सार्वभौमत्व नव्हे.

'सरंजाम' म्हटल्याबरोबर भाऊ ताठ बसले. त्यांचे घर बडोद्यातले जुने. गायकवाडांबरोबर आलेल्या मंडळींपैकी. त्यांच्या माजघरातील पेटीत मोडी कागदांचा एक जुडगा आहे. तो त्यांच्या वडिलांना वाचता येई, भाऊंना येत नाही. परंतु त्यातील दोन शब्दांचा फरक वडिलांनी त्यांच्याकडून पाठ करून घेतला होता: इनाम आणि सरंजाम. इनाम म्हणजे वंशपरंपरेने मिळालेले; सरंजाम म्हणजे चाकरीसाठी लावून दिलेले, देणाऱ्याने मनात आणले तर काढून घेता येण्याजोगे.

"आपल्या भाषेत सांगायचं तर," भाऊ ताईंना म्हणाले, "मालमत्ता धन्याच्या ताळेबंदात राहते. उत्पन्न फक्त दुसऱ्याच्या खात्यावर वळतं करायचं."

"मग भाऊ, गावं आपलीच राहिली," ताई म्हणाल्या.

तसे सरळ नव्हते. त्याच न्यायालयाने पुढे असेही म्हटले की, मराठ्यांनंतर आलेल्या इंग्रजांना पोर्तुगीज या गावांत पूर्ण अधिकार चालविताना आढळले; इंग्रजांनी ते वहिवाटीने मान्य केले आणि पुढे भारतानेही ते गृहीत धरले. म्हणजे कागद आपल्या बाजूचा आणि ताबा त्यांचा. "कुळाचं असंच होतं," भाऊ म्हणाले. बडोद्याच्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांस हे वाक्य अधिक समजावून सांगावयास नको.

निकाल लागला १२ एप्रिल १९६० रोजी. सामान्य नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या ये-जा करण्याचा पोर्तुगीजांचा हक्क न्यायालयाने मानला. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे व दारूगोळा यांच्या बाबतीत असा हक्क नाही, असे आठ विरुद्ध सात मतांनी ठरले. आणि १९५४ साली भारताने वाट अडविली त्यात त्याने कर्तव्याचा भंग केला नाही, असेही ठरले. एका मताचा फरक! आमच्या तरुण मित्राने त्यावर विचारले की, तीन गावांसाठी पंधरा न्यायाधीश इतके दिवस बसले? तीन गावांसाठी नव्हे, हे उत्तर आम्ही दिले. मालाला वाट आणि बंदुकीला नाही, हा भेद कोठेतरी लिहून ठेवणे आवश्यक होते.

१९५४ ची हकीकत आपल्या वाचकांतील वडीलधाऱ्यांस ठाऊक असेल. २१ जुलैच्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या मूठभर लोकांनी, फ्रान्सिस मास्करेन्हस आणि वामन देसाई यांच्या नेतृत्वाखाली, दादऱ्याच्या पोलीस ठाण्यावर चाल केली. २२ तारखेस दादरा मुक्त झाले. २८ रोजी नरोली आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा. आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक, कम्युनिस्ट कार्यकर्ते, असे एरवी एका पंगतीस न बसणारे लोक त्या पावसात एकाच चिखलात उभे होते. पुण्या-मुंबईकडून गेलेल्यांत राजा वाकणकर, नाना काजरेकर, बाबासाहेब पुरंदरे आणि संगीतकार सुधीर फडके होते. मोहिमेस पैसा हवा म्हणून पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला होता. पोर्तुगीजांचा अधिकारी कॅप्टन फिदाल्गो खानवेलकडे हटला आणि ११ ऑगस्टला उदवा येथे शरण आला.

दादऱ्याच्या ठाण्यात त्या रात्री पोलीस उपनिरीक्षक आनिसेतु रोझारिओ मारला गेला. पोर्तुगीजांनी त्याला वीर म्हटले. आपल्याकडील वर्णनांत त्याचे नाव आले तर एका ओळीत येते. भाऊंनी मात्र ते नाव दोनदा विचारून घेतले. "लिस्बनला कोण काय ठरवतंय, हे त्याला काय ठाऊक असणार? ड्यूटीवर होता बिचारा," एवढेच ते बोलले. ते ठाणे कोठे होते, हे आम्ही रस्त्यावरच्या पानवाल्यास विचारले, तर तो स्वतः चार वर्षांपूर्वी बिहारहून आलेला. त्याने आम्हांस सध्याच्या पोलीस ठाण्याचा रस्ता अगदी आपुलकीने दाखविला आणि काही चोरीस गेले आहे काय, अशी चौकशीही केली.

पुढची सात वर्षे या प्रदेशाचा कारभार येथील लोकांनी स्वतः, वरिष्ठ पंचायतीमार्फत चालविला. पोर्तुगीज तिकिटांवर नवा छाप मारून टपालही चालविले. १९६१ साली विलीनीकरणाच्या करारावर भारताच्या पंतप्रधानांबरोबर सही करण्यास समान दर्जाचा कोणी हवा, म्हणून प्रशासनातील अधिकारी बदलाणी यांना एका दिवसापुरते या चिमुकल्या प्रदेशाचे पंतप्रधान करण्यात आले. घटनेच्या दहाव्या दुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ पासून हा केंद्रशासित प्रदेश झाला, आणि २६ जानेवारी २०२० रोजी दमण व दीव यांच्याशी जोडला जाऊन त्याचे निराळे खाते बंद झाले. एका दिवसाच्या पंतप्रधानांची गोष्ट ऐकून आमचा तरुण मित्र प्रथमच पुरता जागा झाला. त्या दिवसाचा भत्ता त्यांना कोणत्या दराने मिळाला असेल, हा त्याचा प्रश्न होता.

ताई मात्र अजून १७७९ मध्येच होत्या. ताडगोळ्याची साल सोलीत त्यांनी विचारले, "ते वर्षाचे बारा हजार रुपये भरत कोण होतं?"

आम्ही तिघेही हिशेबाच्या व्यवसायातले. पण हा प्रश्न आमच्यापैकी कोणास सुचला नव्हता. पुणे दरबाराने ते लावून दिले, पोर्तुगीजांनी घेतले, हेगला त्यांच्या नावाची चर्चा झाली. भरले ते वारली, धोडिया, कोकणा आणि दुबळा यांच्या नागलीतून, भातातून आणि अंगमेहनतीतून. सनदेच्या मजकुरावर बोलण्यासाठी त्यांच्यापैकी कोणासही बोलावणे गेले नाही. जमिनीच्या सुधारणेचा कायदाच मुळी येथे १९७१ साली आला. भाऊंनी मागे वळून फाटकाकडे पाहिले. बाई पानांचा गठ्ठा उलगडून पुढच्या गिऱ्हाइकाची वाट पाहत होती. "आपल्या पेटीतल्या कागदांनाही हाच प्रश्न विचारायला हवा," भाऊ म्हणाले. यावर कोणी काही बोलले नाही. बडोद्यातील आमच्या घरांपैकी किती घरांच्या पायाशी अशी उत्पन्ने आहेत, हे प्रत्येकाने आपापल्या मनाशी मोजले असावे.

दुपार कलल्यावर रिक्षाने सिल्वासास गेलो. वाटेत लवाछ्याशी मघा सांगितलेली पाट्यांची गंमत पुन्हा झाली. पोर्तुगीज काळातले चर्च बाहेरून पाहिले. भर गावात असूनही त्याच्या आवारात शांतता होती आणि ताईंनी तेथे पायरीवर बसून दहा मिनिटे डुलकी काढली. तिला कोणी हरकत घेतली नाही. मग आदिवासी संग्रहालय. मुखवटे, दागिने, मासे पकडण्याची साधने, धनुष्यबाण, माणसाच्या उंचीचे पुतळे. मांडणी साधी आहे, आणि शिणलेल्या माणसास साधी मांडणीच बरी. एका कोपऱ्यात तारपे होते. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानाचा लांब कर्णा. एकाने ते वाजवीत मध्ये उभे राहावयाचे आणि बाकीच्यांनी एकमेकांच्या कमरेस हात घालून त्याच्याभोवती फिरावयाचे. तारपेवाला वळला की सारी साखळी वळते.

भाऊ त्या तारप्यासमोर सर्वांत अधिक वेळ उभे होते. काय पाहता, असे विचारले तेव्हा म्हणाले, "याच्यावर नोंदणीचा क्रमांक नाही." त्यांच्या चेहऱ्यावरून हे ते तक्रारीच्या सुरात म्हणत नव्हते, हे स्पष्ट दिसत होते.

परतताना दादरा ओलांडून गुजरातच्या हद्दीत शिरलो तेव्हा झडतीसाठी रिक्षा थांबविली गेली. वस्तू व सेवा कर आल्यापासून, म्हणजे २०१७ पासून, राज्यांच्या हद्दींवरचे कराचे नाके उठले. मालाच्या ट्रकांची रांग आता तेथे लागत नाही. तपासणी होते ती बाटल्यांची. म्हणजे हेगच्या निकालापासून आजवर फरक एवढाच की, दारूगोळ्यातील गोळा तेवढा गळाला! शिपायाने आमच्या तरुण मित्राची पिशवी चापून पाहिली आणि भाऊंची उघडावयास लावली. आत ताडगोळ्यांचे एक पुडके होते, नातीसाठी घेतलेले, आणि त्याखाली दोन दिवसांच्या मोजणीचे कागद.

"आ शेना कागळ छे, काका?" त्याने विचारले.

"गणतरीना," भाऊ म्हणाले.

त्याने एक पान वरखाली पाहिले, ताडगोळे जपून पुन्हा वर ठेवले आणि रिक्षावाल्यास हाताने खूण केली. वापीची गाडी गाठावयास पाऊण तास होता. ताई तोवर झोपी गेल्या होत्या.